नॉबला एकच नाव असावं

मागच्या वर्षी एका मैत्रिणीने मला एक ऑडिओ फाइल पाठवली. अकरा मिनिटांची. तिची आजी जात्यावर बसून ओव्या म्हणतेय, रेकॉर्डिंग फोनवर घाईघाईत केलेलं, मध्येच कुकरची शिट्टी. फाइल माझ्याकडे आली तेव्हा आजीला जाऊन दोन महिने झाले होते. तिच्या गाण्याची घरात दुसरी नोंद नाही. मैत्रीण म्हणाली, “तू रात्री ते म्युझिक वगैरे करतोस ना, याचं काहीतरी कर. नुसतं साफ करून देऊ नकोस. पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटेल असं कर.”

मी लगेच हो म्हणालो, कारण माझ्याकडे सगळं सामान होतं. दिवसा मी एका कंपनीसाठी बॅकएंड कोड लिहितो. रात्री त्याच टेबलावर, त्याच लॅपटॉपवर म्युझिक सॉफ्टवेअर उघडतो. शेजारी पहिल्या बोनसमधून घेतलेला एक कंट्रोलर असतो. आठ नॉब, आठ फेडर, सोळा पॅड्स. तो घेतला तेव्हा वाटलं होतं की आता माऊस सुटणार आणि आपण ‘वाजवायला’ लागणार. प्रत्यक्षात तीन वर्षांत माझ्या फोल्डरमध्ये चाळीसेक अर्धवट प्रोजेक्ट साठले आणि कंट्रोलरवर धूळ.

हा लेख त्या डब्याबद्दल आहे. त्या जातीच्या सगळ्याच डब्यांबद्दल. ते विकताना ‘स्पर्श’ हा शब्द फार वापरला जातो. माझं म्हणणं असं, की स्पर्श ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. अवघड गोष्ट वेगळीच आहे, आणि ती बहुतेक कंट्रोलर आपल्याला देत नाहीत.

*

आधी हे यंत्र काय करतं ते पाहू. कंट्रोलरला स्वतःचा आवाज नसतो. नॉब फिरवला की तो कॉम्प्युटरला फक्त निरोप पाठवतो: एकविसावा नंबर, किंमत चौसष्ट. एकविसावा म्हणजे काय, हे त्याला माहीत नसतं. ते सॉफ्टवेअरने ठरवायचं. या निरोपांच्या भाषेचं नाव मिडी. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधले, रोलंड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी तिच्यासाठी पुढाकार घेतला. जानेवारी १९८३मध्ये एका व्यापारी प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर केबलने जोडून ते एकमेकांशी बोलतात हे दाखवलं गेलं. एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या कंपन्यांनी मिळून पाळलेला, आणि आजही चालणारा करार. आमच्या क्षेत्रात असं फार क्वचित घडतं.

या करारात साध्या नॉबची किंमत ० ते १२७ एवढीच असते. म्हणजे १२८ पायऱ्या. फिल्टर सावकाश उघडायला गेलं तर कधीकधी या पायऱ्या कानाला ऐकू येतात, सरकत जाणारा आवाज दातेरी होतो. कंट्रोलरवर टीका करायची म्हटली की लोक पहिलं बोट इथे ठेवतात. त्यावर उत्तरही आलं आहे. २०२०मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती ठरली आणि तिच्यात नॉबच्या किमतीसाठी सातऐवजी ३२ बिट दिले गेले. पायऱ्यांचा प्रश्न कागदावर तरी मिटला.

पण माझ्या कंट्रोलरवर धूळ बसली ती पायऱ्यांमुळे नाही. ती ‘बँक’ नावाच्या एका बटणामुळे बसली.

नॉब आठ आणि सॉफ्टवेअरमधल्या गोष्टी हजार. त्यावर उपाय म्हणून बटण असतं. ते दाबलं की तेच आठ नॉब पुढच्या आठ गोष्टी चालवतात. पुन्हा दाबलं की आणखी पुढच्या आठ. ऐकायला सोयीचं आहे. करून पाहिलं की कळतं, नॉबला हात लावण्याआधी प्रत्येक वेळी स्क्रीनकडे बघावं लागतं: आत्ता तू कोण आहेस? शिवाय नॉब जागेवर तसाच उभा असतो आणि सॉफ्टवेअरमधली किंमत भलतीकडे. हात लावला की आवाज एकदम उडी मारतो. ही उडी टाळायला सोयी आहेत. गोल गोल फिरतच राहणारे नॉब, त्यांच्याभोवती दिव्यांची कडी, किंवा जुनी किंमत गाठेपर्यंत नॉबने गप्प राहायचं अशी सेटिंग. सगळ्या कामाच्या आहेत. पण त्या ज्या दुखण्यावर आहेत ते दुखणं बँकेच्या बटणानेच आणलेलं असतं.

आम्हा प्रोग्रॅमर लोकांकडे या दुखण्याला नाव आहे: मोड. एकच कळ वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं काम करते ती अवस्था. कट-कॉपी-पेस्टच्या कामासाठी ओळखले जाणारे लॅरी टेस्लर आयुष्यभर मोडच्या विरोधात बोलत राहिले. त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही ‘नो मोड्स’ असं लिहिलेलं होतं. त्यांचा मुद्दा साधा होता. माणूस चुकतो, कारण आपण आत्ता कुठल्या मोडमध्ये आहोत हे तो विसरतो, आणि हा दोष माणसाचा नसून रचनेचा असतो. माझा कंट्रोलर हा आठ नॉब लावलेला मोडांचा डबा होता.

*

या डब्यांच्या मागे जो आदर्श आहे तो स्टुडिओतल्या मोठ्या मिक्सरचा. पूर्वी आवाजाची पातळीही गोल नॉबने बदलत. दोन हात म्हणजे एका वेळी दोन नॉब. उभी सरकणारी पट्टी, म्हणजे फेडर, रेकॉर्डिंगच्या मिक्सरवर आणण्याचं श्रेय अटलांटिक रेकॉर्ड्सचे इंजिनिअर टॉम डाउड यांना दिलं जातं. फेडर आले आणि दहा बोटांना दहा कामं मिळाली. मिक्सिंग हे पेटी वाजवण्यासारखं झालं.

मॅकी कंपनीने हीच पेटी कॉम्प्युटरसाठी पुन्हा बांधली. तिच्या ‘मॅकी कंट्रोल’ची निरोपांची पद्धत आज इतर कंपन्यांची यंत्रंही वापरतात. या यंत्राबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याच्या फेडरला मोटर आहे. गाणं चालू केलं की काल तुम्ही केलेल्या हालचाली फेडर आपोआप करतात, जणू कुणी अदृश्य माणूस मिक्सिंग करतोय. तुम्ही बोट लावलं की मोटर तुमच्या हाताला वाट देते. साध्या नॉबच्या १२८ पायऱ्या अपुऱ्या पडतील म्हणून फेडरचे निरोप चक्क ‘पिच बेंड’ या दुसऱ्याच, जास्त बारीक मापाच्या निरोपात भरून पाठवले जातात. असा जुगाड पाहिला की कुठल्याही इंजिनिअरला बरं वाटतं.

पण ट्रॅकसाठी फेडर आठच, आणि सोबत बँकेचं बटण. ट्रॅकचं नाव दाखवायला प्रत्येक फेडरवर छोटी पट्टी आहे आणि तिच्यात नावाला जागा सात अक्षरांची. तीही रोमन. ‘ढोलकी’ असं देवनागरीत लिहिण्याची सोय त्या पद्धतीत नाही. मराठी माणूस म्हणून मी इथे रुसणार नाही, माझे ट्रॅक मीही रोमनमध्येच लिहितो. पण बटण दाबलं की नाव बदलणार म्हणून यंत्राला नावाची पट्टी लावावी लागते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. मोठ्या स्टुडिओत मिक्सरच्या कडेला कागदी टेप चिकटवून तिच्यावर पेनाने नावं लिहायची रीत आहे. ती टेप गाणं संपेपर्यंत बदलत नाही. दोन-तीन दिवसांत इंजिनिअरला ती वाचावीही लागत नाही. हात परस्पर जातो.

*

हात परस्पर जाणं म्हणजे काय, हे पाहायला दोन ठिकाणी जाऊ.

पहिलं ठिकाण जमैकातलं किंग्स्टन. ऑस्बर्न रडॉक, म्हणजेच किंग टबी, मुळात इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणारा माणूस. सत्तरच्या दशकात त्याने दुसऱ्या एका स्टुडिओतला जुना, एमसीआय कंपनीचा मिक्सर घेतला. त्यावर एक मोठा नॉब होता. तो फिरवला की खालचा खर्ज कापला जायचा आणि आवाज पातळ, पत्र्यासारखा होत जायचा. टबी आधी रेकॉर्ड झालेली गाणी घ्यायचा आणि मिक्स करता करता ती मोडून पुन्हा रचायचा. गायकाचा आवाज मध्येच बंद, नुसते ड्रम आणि बेस, एखाद्या शब्दाचं शेपूट एकोमध्ये सोडून दिलेलं, आणि झांजेवर तो मोठा नॉब. त्याला डब म्हणतात. आपल्या जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात गायकाच्या शेवटच्या अक्षरावर नेमका एको वाढवणारा साउंडवाला ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे लगेच कळेल.

टबीचा तो नॉब सलग फिरत नव्हता. तो टप्प्याटप्प्याने, टक टक करत फिरायचा. १२८ तर सोडाच, त्याला त्याच्या आसपासही पायऱ्या नव्हत्या. डब ऐकताना त्या पायऱ्या ऐकू येतात आणि त्याच आपल्याला आवडतात. ३२ बिटांची वाट पाहत थांबलेल्या प्रत्येकाने हे एकदा ऐकावं. बारकाई हा नॉबचा मुख्य गुण नाही. टबीला माहीत होतं की तो नॉब आज काय करतो, आणि उद्याही तेच करणार आहे.

दुसरं ठिकाण मुंबई. १९८२मध्ये चरणजित सिंग या हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या वादकाने दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एक रेकॉर्ड केली. त्यासाठी त्यांनी रोलंडची तीन यंत्रं वापरली: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. त्यातलं टीबी-३०३ हे एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं छोटं यंत्र. ते बाजारात आपटलं. पुढे सेकंडहँड, स्वस्तात मिळायला लागलं, आणि १९८७मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाने ते चालू ठेवून त्याचे नॉब फिरवत ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ केलं. तिथून अ‍ॅसिड हाउस नावाचा प्रकार सुरू झाला. २०१०मध्ये चरणजित सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चक्रावले. शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत हे यंत्र असंच पाण्यासारखं वाहत होतं.

‘पहिला कोण’ या वादात मला पडायचं नाही. माझं लक्ष यंत्राच्या वरच्या ओळीकडे आहे. तिथे सहा नॉब आहेत. सूर, फिल्टर, त्याची धार, त्याची उसळी, आवाज विरण्याचा वेळ, आणि आघात. प्रत्येकाला एकच काम, आणि ते काम यंत्रावरच छापलेलं. बँक नाही. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन शहरांतल्या माणसांनी त्या सहा नॉबमधून दोन वेगळी संगीतं काढली. हजार गोष्टी बदलता येत असत्या तर ते इतकं खोल गेले असते असं मला वाटत नाही.

*

इथे तुम्ही मला अडवायला हवं. हा जुन्या यंत्रांचा गहिवर झाला, असं म्हणायला हवं. आणि एक उदाहरण माझ्या तोंडावर फेकायला हवं: एमपीसी.

रॉजर लिन यांनी आकाईसाठी केलेलं एमपीसी-६० हे यंत्र १९८८चं. चार गुणिले चार, सोळा रबरी पॅड. त्या पॅडवर काहीच छापलेलं नाही, आकडे सोडले तर. आज पहिल्या पॅडवर ड्रम, उद्या कुणाचा तरी श्वास. म्हणजे नाव रोज बदलणार. तरीही हिप-हॉपच्या कित्येक निर्मात्यांचे हात त्या सोळा चौकोनांवर घडले. जे डिला यांचं एमपीसी-३००० आज वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. मग नाव कायम असायला हवं या माझ्या म्हणण्याचं काय?

या प्रश्नाने माझं मत बदललं. एमपीसीवर नाव कंपनीने छापलेलं नसतं, वाजवणाऱ्याने दिलेलं असतं. पण एकदा दिलं की ते गाण्यापुरतं ठरतं. जे पॅड ड्रमचं, ते बीट पूर्ण होईपर्यंत ड्रमचं. म्हणजे मुद्दा जुन्या-नव्याचा नाही, आणि हार्डवेअर-सॉफ्टवेअरचाही नाही. नाव हाताला पाठ व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ते बदललं नाही पाहिजे. टीबी-३०३मध्ये हा वेळ यंत्र आपल्याला सक्तीने देतं. आजच्या कंट्रोलरवर तो आपण स्वतःला द्यायचा असतो, आणि बँकेचं बटण समोर असताना कोण देतो?

एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या रॉबर्ट हेंके यांनी स्वतःच्या कार्यक्रमांसाठी मोनोडेक नावाचा कंट्रोलर स्वतः बांधला होता, बाजारात लाँचपॅड यायच्या कित्येक वर्षं आधी. ज्याला सॉफ्टवेअरचा कोपरा न कोपरा माहीत, त्याने मंचावर जाताना आपल्या मोजक्या गोष्टींना मोजक्या जागा नेमून दिल्या. यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

त्याच एबलटनचं पुश हे यंत्र २०१३मध्ये आलं. चौसष्ट पॅड्स, वर आठ नॉब. या जातीतलं हे सगळ्यात विचारपूर्वक केलेलं यंत्र, असं मी बेधडक म्हणेन. नॉबला बोट लागलं तरी त्याला कळतं. पॅडवर सूर असे मांडलेत की एकदा बसवलेली बोटांची ठेवण कुठल्याही पट्टीत तशीच चालते. हातासाठी याहून चांगली भेट नाही. पण २०१५च्या आवृत्तीत त्यावर मोठी रंगीत स्क्रीन आली, आणि २०२३च्या तिसऱ्या आवृत्तीचं एक रूप तर लॅपटॉपशिवाय चालतं, म्हणजे कॉम्प्युटरच पोटात घेऊन बसलंय. लॅपटॉपच्या स्क्रीनपासून सुटायला घेतलेल्या यंत्रावर आपण पुन्हा मान खाली घालून स्क्रीनच बघतो. वरचे आठ नॉब त्या स्क्रीनवर जे दिसेल ते होतात. खालचे पॅड वाद्य आहेत, वरचे नॉब मेन्यू आहेत. एकाच पेटीत दोन विरुद्ध विचार राहतात, आणि माझ्यासारख्या दिवसभर स्क्रीन बघणाऱ्या माणसाला त्यातला मेन्यूच जास्त ओळखीचा वाटतो. धोका तिथे आहे.

*

आता आजीकडे परत.

पहिले तीन आठवडे मी माऊसने काम केलं. आवाज ग्रिडवर बसवला. ओवीचा वेग मध्येच ढळायचा, तो सरळ केला. एकोचा आलेख रेघांनी काढला. मैत्रिणीला पाठवलं. तिने दोन दिवसांनी फोन केला. “छान झालंय रे,” ती म्हणाली, आणि मग थोडं थांबून, “पण आजी अशी घड्याळासारखी नव्हती.”

मूळ फाइल पुन्हा ऐकली. या वेळी फक्त जातं ऐकलं. वेग ढळायचा तो आजीने मूठभर धान्य जात्यात टाकलं की. एक हात सुटायचा, दगड जड व्हायचा, ओळ लांबायची. मग दोन्ही हात खुंट्यावर आले की पुन्हा लय धरली जायची. तिच्या हातात एकच खुंटा होता, त्याला एकच काम होतं, आणि तिचा सगळा ताल त्याच्यातून येत होता. मी नेमका तो ताल चूक समजून पुसला होता.

सगळं काढून टाकलं. कंट्रोलर पुसला. चार गोष्टी ठरवल्या आणि पांढऱ्या टेपवर पेनाने लिहिल्या: ‘आजी’, ‘मागे’, ‘किती वेळ’, ‘खर्ज’. एक फेडर तिच्या आवाजाचा. एक नॉब एको किती, एक तो किती वेळ घुमणार, आणि एक खाली धरलेल्या तंबोऱ्यासारख्या सुराच्या फिल्टरचा. बाकी अठ्ठावीस नॉब, फेडर आणि पॅड्सचा संबंध तोडून टाकला. बँकेच्या बटणावरही टेप लावली. मग लॅपटॉपच्या स्क्रीनवर टॉवेल टाकला आणि अकरा मिनिटं सलग वाजवलं.

पहिल्या खेपा वाईट झाल्या. मी सारखा काहीतरी करत होतो, नॉब आहे म्हणून फिरवत होतो. पाच-सहा रात्रींनंतर कधीतरी बोटं टेपकडे न बघता जायला लागली, आणि तेव्हा पहिल्यांदा मला ओव्या शब्दांसकट ऐकू आल्या. तोवर मी त्यांच्या लाटा बघत होतो. शेवटी जी खेप ठेवली तिच्यात दोन चुका आहेत. एका ठिकाणी एको उशिरा येतो. एका ठिकाणी खर्ज जास्त उघडलाय. ऑटोमेशनची रेघ ओढून दोन्ही दोन मिनिटांत दुरुस्त झाल्या असत्या. मी टॉवेल काढला नाही.

मैत्रिणीने ऐकून एवढंच लिहिलं: “ती दाणे टाकते तिथे तूपण थांबलायस.”

नवा कंट्रोलर घेऊ का, असं मला ऑफिसातली मुलं अधूनमधून विचारतात. मी सांगतो, चार नॉबचा मिळाला तर घ्या, आणि आधी घरात पांढरी टेप आहे का बघा. माझ्यावरची टेप अजून तशीच आहे. पुढचं काम सुरू करायचं तर ‘आजी’ खरवडून तिथे दुसरं नाव लिहावं लागेल. गाण्यापुरतं नाव, असं मीच वर म्हटलंय. तरी अजून हात होत नाही.